काकूंना न आठवणारा मंगळवार

१

गुरुवारी सकाळी दहा वाजता हेडबाईंनी बोटातली अंगठी काढून माझ्या टेबलावर ठेवली, आणि दीड मिनिटात मी त्यांना सांगून टाकलं की यात हिरा नाही.

माझं कामच ते आहे. एकतीस वर्षं मी भिंगातून खडे बघतो आणि लोकांना हो किंवा नाही सांगतो. 'नाही' ऐकल्यावर लोक रडतात, भांडतात. एका गृहस्थाने तर माझंच भिंग मला फेकून मारलं होतं. पूर्वी मला त्यांच्याबद्दल वाईट वाटायचं. आता काहीच वाटत नाही. 'नाही' म्हणतो, पावती लिहितो आणि पुढचं पाकीट उघडतो.

हेडबाई रडल्या नाहीत. मुलींच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सगळे त्यांना हेडबाईच म्हणतात, आणि त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपला शर्ट खोचलेला आहे ना, हे अजूनही बघावंसं वाटतं.

"मग काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मॉयसनाइट."

"हे काय कुणाचं आडनाव आहे?"

"खड्याचं नाव आहे, बाई. प्रयोगशाळेत बनवतात. हिऱ्याच्या जागी घालतात. कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल, आणि चकाकतो तर हिऱ्यापेक्षा जास्त. खडा चांगला आहे. फक्त तुमचा नाही."

मी त्यांना भिंग दिलं आणि अंगठी तिरकी धरायला सांगितली. हिऱ्यातून बघितलं की त्याच्या मागच्या बाजूच्या कडा एकेरी दिसतात. मॉयसनाइटमध्ये त्याच कडा दुहेरी दिसतात. बाईंनी बराच वेळ पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

याच अंगठीचा तपासणीचा कागद गेल्या वर्षी मीच करून दिला होता. तेव्हा तिच्यात अस्सल हिरा होता, कडेजवळ पिसासारखी एक बारीक खूण असलेला. त्यानंतर अंगठी बाईंच्या बोटातून एकदाच उतरली होती. खडा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या चार नखांपैकी एक तुटलं, म्हणून सोमवारी सकाळी त्यांनी ती धाकट्या मालकांच्या दुकानात दिली आणि बुधवारी दुपारी परत आणली. नातीला द्यायची होती, म्हणून आज एकदा तपासून घ्यायला माझ्याकडे आल्या होत्या.

बाईंनी माझ्याच फोनवरून दुकानात फोन लावला. "संध्याकाळी पाचपर्यंत माझा हिरा मला हवा आहे," त्या म्हणाल्या. "पाच वाजून एक मिनिटाने मी पोलिसांत जाणार." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही जा तिकडे. तुमचं ते ऐकतात."

मी चहा न घेताच निघालो.

२

दुकान चिंचोळं आहे. खाली काउंटर, गिऱ्हाइकासाठी दोन खुर्च्या आणि मागे लोखंडी कपाट. लाकडी जिन्याने वर गेलं की कारखाना. कारखाना म्हणजे एक खोली, खिडकीशी एक कामाचं टेबल आणि कोपऱ्यात पॉलिशचं यंत्र. माणसं सगळी मिळून चार. धाकटे मालक आणि त्यांची मोठी बहीण ताई खाली, काकू आणि पॉलिशवाला वर. थोरले मालक जाऊन सहा वर्षं झाली, पण मुलाला सगळे अजून धाकटे मालकच म्हणतात. त्यालाही त्यात काही खटकत नाही.

मी पोचलो तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अण्णा, बाईंचा फोन आला तसा मी वर जाऊन काकूंना विचारलं," तो हळू आवाजात म्हणाला. "अंगठी मंगळवारी त्यांच्याकडे होती. त्यांना मंगळवार आठवतच नाही."

काकूंचा नवरा गेल्याला आज चौदा दिवस झाले होते. अकरा दिवस त्या घरी होत्या, बाराव्या दिवशी, म्हणजे या मंगळवारी, कामावर आल्या. त्या बावीस वर्षं त्या खिडकीशी बसून खडे बसवत आहेत. काकू माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मीही त्यांना काकूच म्हणतो.

"काकू असं करणार नाहीत," ताई काउंटरमागून म्हणाली. "पण त्या सध्या काकू नाहीतच, हेही खरं. काल रिकाम्या कपातून चहा प्यायल्या. दोनदा."

ताईने अंगठीचं पाकीट माझ्यासमोर टाकलं. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक दागिन्याचं एक कागदी पाकीट असतं आणि त्यावर ताई सगळं लिहून ठेवते. सोमवारची नोंद अशी होती: 'एक नख तुटलेलं. खड्यामागे मळ भरपूर. टेस्टर – हिरा.' बुधवारी देताना पुन्हा: 'टेस्टर – हिरा.'

तो पेनासारखा टेस्टर बघून माझं डोकं उठतं. खडा उष्णता किती लवकर ओढून घेतो एवढंच त्याला कळतं. मॉयसनाइट जवळजवळ हिऱ्यासारखाच ओढतो, त्यामुळे दोन्हींवर टेस्टर सारखाच वाजतो. दुसरं यंत्र घ्या म्हणून मी पाच वर्षं त्यांच्या कानीकपाळी ओरडतोय.

"म्हणजे देताना हिरा नव्हता, आणि आम्हाला कळलं नाही," ताई म्हणाली.

"तसंच."

धाकट्या मालकाने कपाळ पुसलं. "पाचच्या आत काकूंना निदान कामावरून तरी थांबवावं लागेल. बाईंना आपण काहीतरी केलेलं दिसलं पाहिजे."

हे तो मला सांगत होता की स्वतःला, कळलं नाही. काय होणार ते मात्र स्पष्ट होतं. खडा बदलल्याचा डाग घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला या धंद्यात कुणी पुन्हा टेबलाशी बसू देत नाही. घरी नवरा नाही, मूलबाळ नाही. काकूंना सकाळी उठून जायला ती एक खिडकी उरली होती आणि संध्याकाळी पाचला तीही जाणार होती.

जिना वाजला. काकू खाली येत होत्या, कठड्याला धरून, एकेक पायरी. शेवटच्या पायरीवर थांबल्या.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "मीच घेतला असेल. लिहून घ्या."

३

मी त्यांना पुन्हा वर नेलं आणि त्यांच्याच टेबलाशी बसवलं. दुसरं स्टूल ओढून समोर बसलो. पॉलिशवाल्याला चहा आणायला पिटाळलं.

"घेतला असेल म्हणजे काय, काकू? घेतला की नाही घेतला?"

"तेच तर मला सांगता येत नाही." आवाजात चढउतार काही नव्हता. "घर सगळं शोधून झालं की मिळेल कदाचित. धाकटे म्हणतात, आठवा, कुठेतरी ठेवला असेल तुम्हीच. ते काय खोटं बोलतील? मी हल्ली काहीही करते. गॅस चालू ठेवून खाली भाजी आणायला गेले परवा."

"खडा काढून दुसरा बसवायचा म्हणजे अर्ध्या तासाचं काम आहे. ते न आठवता होतं का?"

"हात करतात हो. बावीस वर्षं झाली. डोकं लागतच नाही त्याला."

तेही खरंच होतं. माझे हातही पुष्कळ गोष्टी माझ्याशिवाय करतात.

"बरं, मंगळवारचं जेवढं आठवतंय तेवढं सांगा. चुकलं-माकलं तरी चालेल."

काकू टेबलाकडे बघत बोलायला लागल्या. त्यांना एवढंच सांगायचं होतं की आपण आता कामाच्या राहिलो नाही, आणि पुरावा म्हणून त्या एकेक चूक माझ्यापुढे मांडत होत्या.

"सकाळी आले आणि बर्नर पेटवला, तर जाळ हा एवढा. बघितलं तर त्याला मोठं तोंड लावलेलं. अंगठीला कुणी मोठं तोंड लावतं का? जाण्याआधी मीच लावून गेले असणार, आठवत नाही. ते बदललं. मग अंगठी काढली. पाकिटावर ताईंनी लिहिलेलं, एक नख तुटलंय. बघते तर दोन. म्हटलं, मोजायलाही येईना का मला आता. पुन्हा मोजली. दोनच."

"मग?"

"दोन्ही केली. मागे मळ भरपूर असं लिहिलं होतं, तर अंगठी मागून लख्ख. मीच धुतली असेल आणि विसरले असेन. धुतल्याचं काही आठवत नाही, अण्णा. काहीच आठवत नाही."

"अंगठी हातात आली तेव्हाच लख्ख होती?"

"तसंच वाटतं. पण माझ्या वाटण्याला काय अर्थ आहे?"

मी टेबलावर नजर फिरवली. चिमटे, कानशी, बर्नर, सगळं जागच्या जागी होतं. उजव्या हाताला बशी होती, बोरिकची. हिरा न काढता त्याच्या शेजारी सोनं झाळायचं, म्हणजे आच देऊन सांधायचं असेल तर अंगठी आधी स्पिरिटमध्ये कालवलेल्या बोरिक पावडरीत बुडवतात. तिचा थर हिऱ्यावर बसतो आणि आचेपासून त्याला वाचवतो. थर नसेल तर हिरा वरून जळतो आणि दुधासारखा पांढुरका होतो. शिकाऊ कारागिराला पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हेच.

बशी कोरडी खडखडीत होती. तळाशी पावडरीला भेगा पडल्या होत्या.

"बोरिक लावलं होतं ना, काकू?"

इतका वेळ त्यांचा चेहरा पाटीसारखा कोरा होता. आता पहिल्यांदाच त्याच्यावर काहीतरी हललं.

"लावलं होतं," त्या म्हणाल्या. मंगळवारातली तेवढी एकच गोष्ट त्यांना पक्की आठवत होती.

४

पॉलिशवाला चहा घेऊन आला. मी त्याला जिन्याच्या तोंडाशी गाठलं.

"माझ्यावर संशय आहे का, अण्णा? आधी सांगा, म्हणजे मी केस विंचरून येतो. पेपरात फोटो येईल."

"सोमवारी कुठे होतास?"

"रजेवर. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. तिला मी स्वच्छ दिसायला लागलो, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही." तो स्वतःच हसला आणि मग त्याने आवाज खाली आणला. "काकूंना घालवणार का हो खरंच?"

"पाचपर्यंत वेळ आहे. मंगळवारी अंगठी तुझ्याकडे कधी आली?"

"दुपारी. काकूंनी दोन नखं करून दिली, मी धुतली, पॉलिश केली, खाली दिली. वीस मिनिटांचं काम. आणि खडा बसवणं मला येत नाही, ते ताईंना विचारा. एकदा प्रयत्न केला होता तर खडा उडाला. तो अजून सापडलेला नाही."

"धुताना काही वेगळं वाटलं?"

त्याने डोकं खाजवलं. "वेगळं म्हणजे... सोपं गेलं. झाळलेल्या अंगठीवर बोरिकची पापडी धरलेली असते, काचेसारखी. ती कोमट अॅसिडात बुडवून काढायला लागते. काकूंच्या कामावर तर हमखास असते, त्या भरपूर लावतात. या वेळी पापडी नव्हतीच. म्हटलं, चला, काम वाचलं."

"नक्की नव्हती?"

"अण्णा, मी मस्करी करतो, पण कामाचं खोटं सांगत नाही."

मी चहा कठड्यावर ठेवून परत काकूंकडे गेलो. बावीस वर्षांत ज्या बाईने कुणाला एक पैचं खोटं सांगितलं नव्हतं, ती माझ्याशी अर्ध्या तासापूर्वी खोटं बोलली होती.

५

"काकू, तुम्ही बोरिक लावलं नव्हतं."

काकूंनी नजर बशीकडे वळवली. हात मांडीवर तसेच होते.

"चोरी कबूल करायला तुम्ही स्वतः जिना उतरून आलात. आणि हे एवढंसं लपवता?"

"एवढंसं नाही ते." आता आवाज थोडा वर गेला. "चोर काय, कुणीही होतं. गिऱ्हाइकाचा हिरा उघडा आचेवर धरला मी, अण्णा! थोरले मालक असते तर त्यांनी मला तिथल्या तिथे उठवलं असतं. मीच उठले असते. झाळून झालं आणि बशीकडे लक्ष गेलं. बशी कोरडी. हातातून चिमटा सुटला माझ्या."

"आणि हिरा?"

"काही झालं नाही त्याला. देवाची कृपा म्हणायची. पुसून पुसून बघितला, लखलखीत." त्या थांबल्या. "फक्त..."

"फक्त काय?"

"नको. वेड लागलंय म्हणाल."

"म्हणणार नाही."

"आचेवर असताना तो पिवळा दिसला मला. पिवळा, जरासा हिरवट. वाटलं, गेलाच. बर्नर बाजूला केला आणि बघत बसले, तर निवता निवता परत पांढरा झाला. हिरा कधी असा करतो का? डोळे गेले माझे, अण्णा. नाहीतर डोकं गेलं. हे गेले त्या दिवसापासून मला रंगच नीट दिसत नाहीत. सगळं राखेसारखं दिसतं. त्यात हा एकटा पिवळा दिसला."

मी स्टुलावरून उठलो आणि दोन्ही हात टेबलावर टेकले.

"डोळे ठीक आहेत तुमचे. डोकंही ठीक आहे. इथून हलू नका. कुणी काहीही लिहून मागितलं तर सही करू नका."

६

खाली ताई एकटीच होती. धाकटा मालक वकिलाला फोन करायला बाहेर गेला होता.

"ताई, मॉयसनाइट ठेवता ना तुम्ही? साडेसहा मिलिमीटरचे?"

"ठेवतो. लग्नाची तरुण मुलं तेच मागतात हल्ली, आणि आम्ही मॉयसनाइट म्हणून सांगूनच विकतो. का?"

"मोजा."

तिने कपाट उघडलं, डबी काढली, वही उघडली. वहीत नऊ होते. डबीतल्या कागदावर तिने चिमट्याने खडे एकेक सरकवले आणि आठवर थांबली. पुन्हा मोजले. आठच.

"कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे असतात?"

"दोनच आहेत. एक माझ्याकडे." दुसरी कुणाकडे, हे तिने सांगितलं नाही. "काकूंना खडा लागला की त्या माझ्याकडे मागतात. माझ्याशिवाय त्यांनी कपाटाला कधी हात लावलेला नाही."

"सोमवारी वर कोण होतं?"

"कुणीच नाही. काकू घरी, पॉलिशवाला रजेवर. मी बारा वाजता बँकेत गेले, तिथून मुलाच्या शाळेत. नंतर दुकानात..." ताई खुर्चीवर बसली. तिच्या हातात चिमटा तसाच होता. "अण्णा, मला बर्नर पेटवता येत नाही. लहानपणी हात भाजला होता, तेव्हापासून मी घरातला गॅससुद्धा लायटर लांब धरून पेटवते. हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"बाबांनी त्याला दोन वर्षं शिकवलं होतं," ताई म्हणाली. "नंतर म्हणाले, राहू दे, हा काउंटरवरच बरा."

तेवढ्यात दार ढकलून धाकटा मालक आत आला. ताईने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो दारातच थांबला.

७

साडेचारला हेडबाई आल्या आणि एका खुर्चीवर ताठ बसल्या. दुसरीवर मी काकूंना बसवलं. पॉलिशवाला जिन्यावर टेकला.

"चोर सापडला?" हेडबाईंनी विचारलं.

"चोर नाही सापडला. चोरीच झालेली नाही, बाई."

मग मी सांगायला सुरुवात केली. रोज गिऱ्हाइकांना 'नाही' सांगतो त्याच आवाजात, कारण मला दुसरा येत नाही.

"मंगळवारी काकूंनी या अंगठीला बोरिक न लावता आच दिली. ही त्यांची चूक, आणि ती त्यांनी कबूल केली आहे. पॉलिशवाल्याला अंगठीवर पापडी दिसली नाही, म्हणजे ते खरं आहे. आता, उघडा हिरा त्या आचेवर पांढुरका झाला असता. हा खडा झाला नाही. उलट तापल्यावर पिवळा झाला आणि निवल्यावर पूर्ववत झाला. असं हिरा करत नाही, मॉयसनाइट करतो. त्याचा तो स्वभावच आहे. म्हणजे काकूंनी बर्नर हातात घेतला त्याच्या आधीच हिरा गेलेला होता. काकूंनी हिऱ्याला हातही लावलेला नाही. त्यांच्या टेबलावर हिरा आलाच नव्हता."

काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्यापर्यंत ते पोचलं की नाही, मला कळेना.

"आधी म्हणजे सोमवारी," हेडबाई म्हणाल्या.

"सोमवारी सकाळी ताईने लिहिलं, एक नख तुटलेलं आणि मागे मळ. मंगळवारी काकूंना दोन नखं तुटलेली मिळाली आणि मागची बाजू लख्ख. मधल्या वेळात कुणीतरी खडा काढला, त्यात दुसरं नख मोडलं, आणि नवा स्वच्छ खडा ठेवला. काकू समजल्या आपणच विसरलो. त्या बिचाऱ्या प्रत्येक गोष्टीला आपणच विसरलो म्हणत होत्या, म्हणून कुणाला काही खटकलं नाही."

"आणि चोरी नाही कशावरून?"

"बर्नरवरून. त्याला मोठं तोंड लावलेलं होतं. नुसता खडा चोरायचा तर आच कशाला हवी? चिमटा पुरतो. ज्याने आच दिली त्याला नख दुरुस्त करायचं होतं. पण त्याला अंगठीला कोणतं तोंड लावतात ते ठाऊक नव्हतं. आणि ज्याला तोंड ठाऊक नाही, त्याला बोरिक आठवलं असेल असं मला वाटत नाही. काकूंनी केली तीच चूक त्याने एक दिवस आधी केली होती. फरक एवढाच की त्याच्यापुढे खरा हिरा होता."

 पॉलिशवाला जिन्यावरून उठून उभा राहिला.

"सोमवारी दुपारी दुकानात एकच माणूस होता," मी म्हणालो. "कपाटाची दुसरी किल्ली त्याच्याकडे आहे, आणि दोन वर्षं तो हे काम शिकलेला आहे."

धाकट्या मालकाने खिशातून पाकीट काढलं. पाकिटातून कागदाची पुडी काढली आणि ती काउंटरवर उघडली. आत खडा होता, पांढुरका, दुधाळ, चमक नसलेला. मी तो भिंगाखाली घेतला. मागची बाजू अजून थोडी स्वच्छ होती. तिथून आत बघितलं तर कडेजवळ पिसासारखी खूण दिसली.

"बाईंना बुधवारी हवी होती," तो म्हणाला. "काकू येतील की नाही माहीत नव्हतं. म्हटलं, एवढंसं नख, आपण करू. काकूंना त्रास नको. आणि मग तो... एकदम पांढरा झाला, अण्णा. माझ्या डोळ्यांसमोर. मी गुपचूप घासून आणून परत बसवून देणार होतो. शपथ."

"आणि आज सकाळी?" ताईने विचारलं. "आज सकाळी वर जाऊन काकूंना काय म्हणालास?"

तो रिकाम्या पुडीच्या घड्या घालायला लागला.

"उभा राहा," हेडबाई म्हणाल्या. तो उभाच होता, तरी आणखी सरळ झाला. "माझं राहू दे. ज्यांना सांगायचं त्यांना सांग. तोंडावर."

तो काकूंसमोर आला. "काकू, मीच केलं. तुम्ही काही ठेवलं नव्हतं कुठे. तुमचं काही चुकलं नाही. मला माहीत होतं, तरी मी तुम्हाला आठवा आठवा म्हणत राहिलो."

मला त्याचा संताप आला. हिरा जळाल्याचा नाही. मी जळलेले हिरे पुष्कळ पाहिले आहेत. एका बाईला स्वतःच्या डोक्याचा भरवसा राहिला नव्हता आणि याने नेमका त्याचाच फायदा घेतला होता. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. त्याने मान खाली घातली.

८

पुढचं ताईने ठरवलं. हिरा घासायला पाठवायचा, थोडा लहान होऊन येईल, पण बाईंचाच येईल. सगळा खर्च भावाचा. हेडबाईंनी मान डोलावली आणि पोलिसांचा विषय पुन्हा काढला नाही. "काकू, नखं तुम्हीच करा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाच्या हातात मी अंगठी देणार नाही."

"बोरिक लावून," काकू म्हणाल्या.

पॉलिशवाला हसला, ताई हसली. काकूंच्या गालावर थोडा रंग आला. त्या खुर्चीवरून उठल्या, साडीचा पदर नीट केला, आणि एकदम बावीस वर्षांपासूनच्या काकू दिसायला लागल्या. मला बरं वाटलं.

"म्हणजे मी नाही घेतला," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"नाही."

"आणि पिवळा झाला होता. खरंच झाला होता."

"खरंच झाला होता, काकू. तुम्ही बरोबर पाहिलंत."

"अगं बाई." त्यांनी घाईघाईने पर्स उघडली आणि मोबाइल काढला. "थांबा हं, आधी ह्यांना कळवते. सकाळपासून जीव टांगणीला लागला असेल त्यांचा."

नंबर त्यांना पाठ होता. त्यांनी चार-पाच आकडे दाबले आणि मग अंगठा तसाच वर राहिला. 

"अण्णा," त्या म्हणाल्या, "हे नाहीत ना आता?"

मी मान हलवली. काकू जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या आणि मोठ्याने रडायला लागल्या. त्या चौदा दिवसांत त्या पहिल्यांदाच रडत होत्या. ताई काउंटरमागून आली आणि त्यांच्या शेजारी बसली. कुणीही त्यांना गप्प राहा म्हणालं नाही.